जोगव्याचं पाचवं घर

"वैनी, ह्या वयात परडी घेऊन दारोदार फिरता? लोक काय म्हणतील?"

लोक काय म्हणतील असं विचारणाऱ्याला लोकांची फिकीर कधीच नसते, स्वतःची असते. विचारणारा माझा धाकटा दीर. चेन्नईहून पहाटेच्या गाडीने तंजावरला उतरला आणि चपला काढायच्या आधी हे विचारलं. मोठा भाऊ आत खाटेवर उशांना टेकून धापा टाकतोय. त्याला कसं आहे, रात्री झोप लागली का, हे सगळं नंतर. आधी परडी.

"पाय धू, कॉफी घे, मग काय ते विचार," मी म्हटलं. मी लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा हा हाफ पँटमध्ये शाळेत जायचा. त्याचं नाक मी पुसलंय. तो आता मोठ्या कंपनीत मोठा साहेब झाला असेल, मला त्याचं काय?

झालं होतं ते असं. ह्यांच्या हृदयाची एक झडप निकामी झाली होती. ऑपरेशन करायचंच, पण आधी छातीतलं पाणी उतरू दे, साखर खाली येऊ दे, मग तारीख देतो, असं डॉक्टर म्हणाले. वाट बघायची होती. आता वाट बघणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळतं. गोळ्या मी वेळेवर देत होते. मीठ बंद केलं होतं. पाण्याचा पेला हातात देतानासुद्धा किती झालं ते बघत होते. हे सगळं करून झालं तरी दिवस उरायचा, आणि त्या उरलेल्या दिवसात ह्यांचा श्वास ऐकत बसायचं. तेव्हा मी देवघरात जाऊन आमच्या कुलदेवीला, अंबाबाईला, बोलले. पाच शुक्रवार तुझा जोगवा मागीन. ह्यांना ऑपरेशनमधून सुखरूप घरी आण.

जोगवा आमच्या घरात नवा नाही. सासूबाई मागायच्या. नऊवारी नेसायची, अनवाणी निघायचं, हातात परडी घ्यायची आणि पाच घरांच्या दारात उभं राहून उदो म्हणायचं. दारातलं माणूस जे घालील ते घ्यायचं. हे नको, ते द्या, असं म्हणायचं नाही. उंबरा ओलांडायचा नाही. आणि आलेलं सगळं त्याच दिवशी शिजवून घरात सगळ्यांनी खायचं. एवढंच व्रत. ह्यात अंगारा नाही, बुवा नाही, नवस फेडायला बकरं नाही. तरीपण आमच्या दिराच्या तोंडून ऐकाल तर वाटेल की मी डॉक्टरांच्या गोळ्या गटारात फेकून नवऱ्याला लिंबू-मिरच्या खायला घालत होते.

ह्यांचं म्हणाल तर ह्यांचा देवावर अजिबात विश्वास नव्हता. ओरत्तनाडूच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. आयुष्यभर तंजावरहून बसने गेले, बसने आले. आणि आयुष्यभर माझी थट्टा केली. "तुझ्या अंबेला सांग, आज तरी बस वेळेवर सोड." "तुझी अंबा आठ हातांची, मग घर एकटीने का झाडतेस?" पण सांगते, ती थट्टा मला एकदाही लागली नाही. कारण बसमधून उतरून येताना दर शुक्रवारी देवीसाठी मल्लिगेची, मोगऱ्याची, फुलं आणि केळीचं पान हे स्वतः आणायचे. मी सांगितल्याशिवाय आणायचे. हसायचे आणि आणायचे. थट्टा थट्टेत फरक असतो. काही जण तुमच्या पानाशेजारी बसून हसतात, आणि काही जण तुमचं पान लाथाडून हसतात.

पहिल्या शुक्रवारी मी निघाले आणि गल्लीच्या टोकाशी येऊन थांबलेच. पाच घरं आणायची कुठून? सासूबाईंच्या वेळी ह्या गल्लीत दोन्ही बाजूंना आपलीच माणसं होती. जोगव्याला काही घरं सोडून पुढे जावं लागायचं, इतकी. आता कोणी चेन्नईला, कोणी बंगळूरला, कोणी अमेरिकेत. आपली मराठी बोलणारी तीन घरं राहिली. त्यातल्या एका घरात म्हाताऱ्या मावशी, त्यांना सगळे नेमधर्म तोंडपाठ. त्यांनी तांदूळ घातले. दुसऱ्या घरातून तांदूळ आणि गुळाचा खडा. तिसऱ्या घरातल्या सुनेने मूठभर तुरीची डाळ घातली. चौथं घर एका रिटायर झालेल्या पोस्टमास्तरांचं. तमिळ माणूस, पण जुना, जाणता. अम्मनसाठी, देवीसाठी, मागतेय म्हटल्यावर हात जोडून तांदूळ घातले. राहिलं पाचवं.

आमच्या बरोबर समोर पापनाशमकडची एक बाई राहते. माझ्यापेक्षा वयाने लहान, मला मामी म्हणते, नवरा बसवर कंडक्टर. इतकी वर्षं समोरासमोर राहतोय. दारात रांगोळीचं कोलम घालताना बोलतो, पाण्याचा टँकर आला की एकमेकींना हाक मारतो. मी तिच्या दारात जाऊन उभी राहिले. ती बाहेर आली. माझे अनवाणी पाय बघितले, हातातली परडी बघितली, घामाने निथळलेलं तोंड बघितलं. "अम्मनसाठी काहीतरी घाल गं," मी तमिळमध्ये म्हटलं. तिचं तोंड एकदम उतरलं. आत गेली आणि बाहेर आली ती स्टीलचा डबा घेऊन. डब्यात रात्रीचा भात ताकात कालवलेला, वर लिंबाचं लोणचं. डबा परडीत ठेवला, माझी बोटं परडीच्या काठावर दाबून धरली आणि हळूच म्हणाली, "मामी, उद्यापण या. लाजू नका."

तिच्या डोळ्यांत पाणी! तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हिला वाटलं, आम्ही भिकेला लागलो. तमिळ लोक आम्हा मराठी ब्राह्मणांना रायर म्हणतात. रायरांच्या घरात दवाखान्याने सगळं धुऊन नेलं, मामी पोटासाठी बाहेर पडली! मी तोंड उघडलं, पण समजावणार काय? जोगव्यात आलेलं परत करता येत नाही.

घरी येऊन परडी आपटायची तेवढी राहिली. "शिळा भात! मला! ताकात कालवून!" मी ओरडत होते आणि हे खाटेवर हसत होते. हसता हसता खोकला लागला, तरी हसत होते.

"अगं, देवी बघ किती सोयीची," हे म्हणाले. "शिजवायचेपण कष्ट ठेवले नाहीत."

"तुम्ही गप्प बसा."

"नियम काय आहे? आलेलं खायचं. मग वाढ."

वाढलं. दोघांनी खाल्लं. लोणच्याचं लिंबू मात्र मी ह्यांना लावू दिलं नाही, मीठ बंद होतं. ते लिंबाकडे बघत जेवले. भात चांगला आंबट होता, हे खोटं कशाला सांगू, मला आवडला.

पण गल्ली म्हणजे गल्ली. संध्याकाळपर्यंत कोणी तेलाची पिशवी आणून दिली, कोणी डाळ. कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणाला, मामी, तुम्ही न्या, नंतर बघू. सगळ्यांना हात जोडून परत पाठवता पाठवता माझा जीव मेटाकुटीला आला. त्यात कोणीतरी माझा परडीसकट फोटो काढला होता. तो फिरत फिरत दिराकडे पोचला आणि दिराने तो आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं होतं, 'आमच्या वैनींचा नवीन स्टार्टअप. देवी अँड कंपनी.' त्याखाली पिवळी तोंडं. दात काढणारी, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारी. कोणी भाचा, कोणी पुतणी. एकीने इंग्रजीत लिहिलं की अशा अंधश्रद्धेमुळेच आपली माणसं मागे राहिली. इंग्रजीतच लिहिणार, देवनागरी वाचणारं आमच्या घराण्यात आता कोण उरलंय? आणि ही बया मागे म्हणजे कुठे राहिली? दर वर्षी गणपतीला साडी नेसून अमेरिकेतून फोटो टाकते तेव्हा तो देव, आणि माझी ती अंधश्रद्धा! हसतील त्यांचे दात दिसतील म्हणतात. दिसले, सगळ्यांचे दिसले. पण त्या सगळ्या दातांत एकाने विचारलं नाही की काका कसे आहेत.

तर त्यानंतरच्या आठवड्यात दीर स्वतः आला, तो परडीचा सवाल घेऊन. कॉफी प्याला आणि परत सुरू झाला.

"वैनी, एक सांगा. देवीला झडप कुठे असते ते तरी माहीत आहे का?"

"तुला माहीत आहे?"

"मला नाही, पण सर्जनला आहे."

"मग मी सर्जनचा हात धरलाय का? तो त्याचं करतोय, मी माझं करतेय. तू काय करतोयस ते सांग."

ह्यावर तो चिडला. खरं तर घाबरला होता, भाऊ जाईल म्हणून. मला ते दिसत होतं. पण घाबरलेल्या माणसाने दुसऱ्याच्या डोक्यावर बसावं असं कुठे लिहिलंय? आतून हे म्हणाले, "अरे, सोड. तिला जे करायचं ते करू दे." तर हा म्हणतो, "अण्णा, तू विज्ञानाचा माणूस. तुझ्याच घरात हे चालू देतोस? वैनींना तू तरी थांबव." ह्यांनी डोळे मिटले. बोलायला श्वास लागतो.

दीर मग राहिलाच, ऑपरेशन होईपर्यंत राहतो म्हणाला. आणि चौथ्या शुक्रवारच्या आदल्या दिवशी त्याने काय केलं असेल? माझ्या जोगव्याच्या घरोघर जाऊन आला! वैनींचं डोकं सध्या ठिकाणावर नाही, त्यांना काही घालू नका, घातलं की ते वेड वाढतं, असं सांगत. समोरच्या बाईने ऐकून घेतलं. पोस्टमास्तर म्हणाले, अम्मनला नाही म्हणायचं मला जमणार नाही. मला हे दुसऱ्या दिवशी कळलं, मावशींच्या दारात. मावशींनी दार अर्धंच उघडलं आणि म्हणाल्या, "आज राहू दे गं. तुझा दीर येऊन गेला. उगाच घरात भांडण नको." ज्या बाईला सगळे नेमधर्म पाठ, तिने दारातून देवीला परत पाठवलं. बाकीच्या दोन आपल्या घरांनी आणि पोस्टमास्तरांनी मात्र घातलं. समोरच्या बाईनेपण घातलं. एव्हाना तिला जोगवा काय ते मी समजावलं होतं, आणि आता ती धुतलेले तांदूळ पितळी वाटीत तयार ठेवायची.

चारच घरं घेऊन मी परत आले. हे बाहेर तिण्णैवर बसले होते, दाराशेजारच्या कट्ट्यावर, भिंतीला टेकून. त्यांना त्या दिवसांत आडवं झालं की जास्त धाप लागायची.

"झाली पाच?" ह्यांनी विचारलं.

"चार." आणि मग मला आवरलं नाही. दिराला, मावशींना, ग्रुपवरच्या पिवळ्या तोंडांना, सगळ्यांना मी तिथेच तिण्णैसमोर उभी राहून शिव्या घातल्या. रडले असेन, आता आठवत नाही.

हे भिंतीला धरून उठले. मी धरायला गेले तर हातानेच थांब म्हणाले. आत गेले. पावलं मोजत गेले म्हणाल तर तसेच, मध्ये खांबाला धरून थांबले. तांदळाच्या डब्याचं झाकण पडल्याचा आवाज आला. मग ओंजळीत तांदूळ धरून उंबऱ्यापाशी आले. अर्धे वाटेत सांडले होते.

"माग," हे म्हणाले.

"काय?"

"उदो म्हण, माग. तुझी अंबा आहे की नाही ते मला ठाऊक नाही. पण हे घर आहे ना? मग ह्या दारातून कोणी रिकामं का जावं?"

मी स्वतःच्या दारात उभी राहून उदो म्हटलं. ह्यांनी परडीत तांदूळ घातले आणि खाली बसले, उंबऱ्यावरच, कारण पुढे उभं राहवेना. दीर मागे उभा होता. त्याने बघितलं सगळं. भावाला धरून उठवलं.

पुढच्या आठवड्यात ऑपरेशन झालं. शुद्धीवर आले, माझ्याकडे बघितलं, हात हलवला. आणि तिसऱ्या दिवशी, पाचवा शुक्रवार यायच्या आधीच, गेले. डॉक्टरांनी त्यांच्याकडून काही कमी केलं नाही. मीही माझ्याकडून केलं नाही. ह्यावर लांबवून सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

तेरावा झाला. त्या दिवशी चार पाहुणे बसलेले, पानं उचललेली, आणि दीर सगळ्यांदेखत म्हणाला, "काय वैनी, तुमच्या देवीने शेवटी परडीत काय घातलं हो?"

भाऊ त्याचाही गेला होता, मला मान्य आहे. पण दुःखाने माणसाला असं बोलायचा परवाना मिळतो का? माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला. बोलले असते, त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. आणि त्या माझ्याच सासरच्या पिढ्या, तरी काढल्या असत्या. पण बोलायच्या आधी मावशी बोलल्या. त्या दिराला बोलत असतील म्हणून मी थांबले, तर त्या मलाच म्हणाल्या, "ते जाऊ दे आता. राहिलेला शुक्रवार सोडून दे हो. सवाष्णीचं व्रत ते. आता तुला अधिकार नाही. देवी समजून घेते."

वा! एकाचं म्हणणं, देवीने काम केलं नाही, मग कसलं व्रत? दुसरीचं म्हणणं, नवरा गेला, मग कसलं व्रत? एक देव मानत नाही, एक देवाशिवाय दुसरं काही मानत नाही, आणि दोघांनी मिळून मला घरात बसवायचं ठरवलं. मी काय अंबाबाईशी सौदा केला होता? नवरा दे आणि पाच शुक्रवार घे? जोगवा म्हणजे मागणं. मागणाऱ्याला हक्क नसतो, म्हणून तर ते मागणं. हक्क असता तर मी कोर्टात गेले असते, अनवाणी दारोदार कशाला फिरले असते? आणि बोललेलं असतं ते फेडायचं असतं. मी बोलले होते पाच.

शुक्रवारी सकाळी मी नऊवारी नेसले आणि निघाले. दीर दिवाणखान्यात बसला होता. दुपारच्या गाडीने जाणार होता, बॅग बाजूला भरून ठेवलेली. बघितलं त्याने. मावशींच्या घरासमोरून मी वर न बघता गेले. बाकीच्या दोन आपल्या घरांतून तांदूळ मिळाले. एकीने घालताना मान फिरवली, पण घातले. पोस्टमास्तरांनी घातले. समोरच्या बाईने पितळी वाटी परडीत उपडी केली आणि नेहमीसारखी दारात उभी राहिली.

चार झाली. पाचवं घर माझंच होतं. ते ठरलेलं होतं, ह्यांनीच ठरवलेलं. मी रस्ता ओलांडला, माझ्या दारात उभी राहिले आणि उदो म्हटलं.

आतून दिराने मान वर केली. "वैनी, हे काय आता? आत या."

मी परत उदो म्हटलं.

त्याला कळलं. कळलं नसेल असं होणारच नाही, त्या दिवशी तो मागेच उभा होता. पण जागचा हलला नाही. खुर्चीचे हात धरून बसून राहिला. आणि मी आत जाऊ शकत नव्हते, मागणाऱ्याने उंबरा ओलांडायचा नसतो. स्वतःच्या घराच्या बाहेर, हातात परडी घेऊन मी तशीच उभी राहिले. खूप वेळ. सायकलवरून जाणारा फुलवालापण थांबून बघायला लागला.

मागून पदराला हात पुसत समोरची बाई आली. चपला तिण्णैपाशी काढल्या. माझ्या बाजूने उंबरा ओलांडून आत गेली, दिराच्या खुर्चीजवळून सरळ स्वयंपाकघरात. इतकी वर्षं समोर राहते, पण आमच्या स्वयंपाकघरात तिने कधी पाऊल ठेवलं नव्हतं. का ठेवलं नव्हतं ते तिलाही ठाऊक आहे, मलाही.

"कुठे चाललात?" दिराने तमिळमध्ये खेकसून विचारलं.

"घरातून कोणीतरी घालायला नको का?" ती आतूनच म्हणाली.

डब्याचं झाकण वाजलं. ती ओंजळीत माझ्याच घरचे तांदूळ घेऊन आली आणि उंबऱ्याच्या आत उभी राहून तिने ते माझ्या परडीत घातले. सांडले नाहीत. मग बाजूला झाली, आणि मी माझ्या घरात गेले.

आलेलं सगळं मी शिजवलं. तिला डबा भरून दिला, तिचाच तो पहिल्या शुक्रवारचा स्टीलचा डबा. मग दोन पानं मांडली. दीर गाडीची वेळ झाली म्हणत होता. "गाडी आहे, मला माहीत आहे," मी म्हटलं. "जोगव्याचं अन्न घरात असलेल्या सगळ्यांनी खायचं असतं. बस."

तो बसला. मी त्याच्या पानात भात वाढला, वर ताक घातलं.

"तू विचारलं होतंस ना, देवीने परडीत काय घातलं?" मी म्हटलं. "हे घातलं. जेव."